पोटात एक, ओठात एक: तीस वर्षांची खुर्ची अठरा दिवसांत कशी जाते

२०२४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. पाऊस नुकता उघडलेला, सोयाबीनच्या फवारण्या खोळंबलेल्या, त्यामुळं अंबाजोगाईच्या स्टँडजवळच्या हॉटेलात सकाळपासून गर्दी. (चार बाकडी आणि एक स्टोव्ह असला तरी आपल्याकडं ते हॉटेलच.) एका पोरानं मोबाइल बरणीला टेकवून ढाक्याचा व्हिडिओ लावला. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांच्या बंगल्यात माणसं घुसलेली. कुणी खुर्ची डोक्यावर घेऊन निघालंय, कुणी साड्या, एकाच्या हातात तर भला मोठा मासा. सगळे हसले. मग त्यानं जुलैमधला एक व्हिडिओ लावला. रात्रीची वेळ, विद्यापीठातली पोरंपोरी ओरडतायत, "तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!"

ऐंशी ओलांडलेल्या आमच्या तात्यांनी कप खाली ठेवला. "आरं, हे कामून सोताला रझाकार म्हनून घेऊ लालेत?"

पोराला सांगता आलं नाही, मलाही तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही. तेवढ्यात तात्यांनी दुसरा प्रश्न टाकला आणि तो जास्त अवघड होता. "पंधरा वर्सं कुनी हूं का चूं केलं न्हाई, आन् एका दुपारीत बाईला हेलिकाप्टर धरावं लागलं. ह्ये आसं कसं व्हतंय?"

दोन्ही प्रश्नांवर मी नंतर बरंच वाचलं. तात्यांना जे सांगायला हवं होतं ते इथं सांगतो.

आधी शब्द. रझाकार म्हणजे आपल्या मर्जीनं काम करणारा, स्वयंसेवक. मूळ अर्थ इतका सरळ आहे. हैदराबाद संस्थानात १९४७-४८ मध्ये लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीनं या नावाची सशस्त्र फौज वाढवली, तिनं गावंच्या गावं धसक्यात ठेवली आणि आपल्याकडं शब्दाची शिवी झाली. अजून कुणी मनमानी करायला लागला की 'काय रझाकारी लावलीय' असं म्हणतो आपण. तिकडं १९७१ मध्ये, बांगलादेश अजून पूर्व पाकिस्तान होता तेव्हा, पाकिस्तानी लष्करानं स्थानिक माणसांची मदतनीस फौज उभी केली आणि तिचंही नाव रझाकारच ठेवलं. त्यामुळं बंगालीत रझाकार म्हणजे घरभेदी, देशद्रोही. दोन फौजांचा एकमेकींशी संबंध नाही. शब्द तेवढा एक.

आता शेख हसीना. २००९ च्या जानेवारीपासून त्या सलग पंतप्रधान होत्या, आणि त्याआधी १९९६ ते २००१ अशी एक खेप झालेली. सरकारी नोकऱ्यांत १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या मुलानातवंडांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या. त्या २०१८ मध्ये रद्द झाल्या होत्या, २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं परत आणल्या आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. मागणी एवढीच होती की आरक्षणात सुधारणा करा. राजीनाम्याचं कुणी नावही काढलेलं नव्हतं. १४ जुलैला हसीना पत्रकारांपुढं म्हणाल्या की मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही द्यायचं तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायचं? त्याच रात्री वसतिगृहं रिकामी झाली आणि पोरांनी ती शिवी उचलून स्वतःच्याच अंगाला लावली. तात्यांचा पहिला प्रश्न इथं सुटतो. तू कोण, मी कोण, रझाकार. म्हणजे तुमच्या लेखी आम्ही सगळेच गद्दार असू, तर असू देत.

दोन दिवसांनी रंगपूरमध्ये अबू सईद नावाचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते चित्रण देशभर फिरलं. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ३० टक्क्यांचे ५ टक्के केले, म्हणजे मूळ मागणी जवळजवळ पदरात पडली. पण तोवर शंभराहून जास्त माणसं गेली होती. जी मागणी घेऊन पोरं निघाली होती, ती आता त्यांनाच पुरेना. ३ ऑगस्टला 'एक दफा' जाहीर झाला. एकच कलम, सरकार जावं.

मागणी अशी वाढत जाते, हे या सगळ्या प्रकरणांत दिसतं. इजिप्तमध्ये २०११ साली सुरुवात झाली ती गृहमंत्र्याला काढा, आणीबाणीचा कायदा उठवा, किमान वेतन वाढवा इथून. आपल्याकडं १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तिनं निजामाला जा म्हटलं नव्हतं. आसफजाही गादी राहू द्या, पण जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढंच मागणं होतं. निजामानं तिच्यावर जन्मतःच बंदी घातली. बारकी मागणी ऐकून घेतली असती तर मोठी आली असती का, हा प्रश्न प्रत्येक वेळी मागाहून पडतो आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

लाठी किंवा गोळी चालली की लोक घाबरून घरी जातात, असा सत्तेचा हिशेब असतो. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो, म्हणूनच तर राज्यं टिकतात. पण कधी कधी तो उलटतो. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते एका गावातलं उपोषण होतं. पुढच्या आठवड्यात ते राज्यभर झालं. आरक्षणाबद्दल कुणाचं काय मत आहे ते बाजूला ठेवा. लाठीनं माणसं कमी न होता वाढली, एवढंच इथं बघायचं आहे.

पण तात्यांचा प्रश्न याच्याही मागचा होता. लोकांच्या पोटात राग होता, तर पंधरा वर्षं तो होता कुठं?

ग्रामसभेतली म्हातारी

याचं उत्तर आपल्या भाषेनं आधीच देऊन ठेवलंय. पोटात एक, ओठात एक. तिमुर कुरान नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये पूर्व युरोपातली सरकारं धडाधड कशी कोसळली याचा अभ्यास केला आणि जवळपास हेच मांडलं. माणसाचं एक खरं मत असतं आणि एक चारचौघांत सांगायचं मत असतं. राज्य जितकं जुनं आणि जितकं कडक, तितकी दोन्हींतली फट मोठी. गंमत अशी की ही फट राज्यकर्त्याला दिसत नाही, पोलिसांना दिसत नाही आणि खुद्द लोकांनाही दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं की नाराज असलेला मी एकटाच, बाकी गाव खूश आहे.

मी हे आमच्या गावात पाहिलंय. चार खेपा एकाच माणसाकडं सरपंचपद. (नाव, गाव सोडून देऊ, माणूस वाईट नव्हता, फक्त जुना झाला होता.) दुष्काळाचं साल, टँकर गावात यायचा तो ठरावीक गल्लीतच रिकामा व्हायचा. सगळ्यांना माहीत, सगळे घरी बोलायचे, ग्रामसभेत मात्र टाळ्या. एका सभेत एक म्हातारी उठली. शेत नाही, पोरगा पुण्याला, रेशनकार्डाशिवाय सरपंचाशी कसला संबंध नाही. ती म्हणाली, "माज्या दारात येक बी हंडा आला न्हाई, कागदावर कसा आला?" सभा गप्प. मग शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी उठले. मग त्यांचा भाचा. मग एकदम दहा-बारा. अर्ध्या तासात सरपंचाला सभा गुंडाळावी लागली आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव सांगत होतं, "मी तर पैल्यापासूनच म्हनत व्हतो."

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. प्रत्येक माणसाचा एक आकडा असतो: आपल्याआधी किती जण उठले की आपण उठायचं. म्हातारीचा आकडा शून्य होता, कारण तिच्याकडून काढून घेण्यासारखं काही नव्हतं. गुरुजींचा एक. भाच्याचा दोन. अशी साखळी अखंड असेल तर शेवटच्या माणसापर्यंत सगळे उठतात. आता समजा गुरुजी त्या दिवशी सोयरिकीला गेले असते. भाचा दोघांची वाट बघत बसला असता, त्याच्यामागचा तिघांची, आणि म्हातारी एकटी बोलून खाली बसली असती. गाव तेच, राग तोच, टँकरही तोच. वरवर बघणारा म्हणाला असता, एका म्हातारीचं सोडा, गाव समाधानी आहे.

म्हणून अशा उठावांचं भाकीत कुणालाच जमत नाही. आधी कुणी कसं ओळखलं नाही, म्हणून वाहिन्यांवरचे जाणकार चिडतात तेव्हा मला हसू येतं. गुरुजी सोयरिकीला जाणार आहेत की सभेला, हे गुप्तहेराला कुठून कळणार?

याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण रोमानियाचं. निकोलाय चाउशेस्कू १९६५ पासून सत्तेवर. डिसेंबर १९८९ मध्ये एका शहरात गडबड झाली म्हणून त्यानं २१ तारखेला राजधानीत स्वतःच्या पाठिंब्याची सभा बोलावली. सभेला माणसं कशी येतात ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कारखान्यांतून कामगार आणले, हातात फलक दिले. तो गच्चीतून बोलायला लागला, थेट प्रक्षेपण सुरू होतं आणि त्या आणलेल्या गर्दीतूनच हुर्यो उठली. तो थांबला, हात वर केला, गोंधळला. पगार आणि पेन्शन वाढवतो म्हणाला. पण देशानं त्याचा तो गोंधळलेला चेहरा टीव्हीवर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरनं पळाला, २५ डिसेंबरला घाईघाईचा खटला चालवून त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. २४ वर्षांचं राज्य, चार दिवसांत.

मायबाप

रोमानियाची गोष्ट फार सरळ आहे, म्हणून थोडी फसवीही आहे. तिच्यावरून वाटतं की एकदा झाकण उडालं की सगळे एका बाजूला होतात. तसं होत नाही. हे नीट बघायचं तर इजिप्तचे अठरा दिवस बघावे लागतात.

होस्नी मुबारक ऑक्टोबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०११ उजाडेपर्यंत देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेलाच नव्हता. शेजारी ट्युनिशियात २३ वर्षं सत्तेवर असलेले बेन अली १४ जानेवारीला पळून गेले, आणि २५ जानेवारीला कैरोत लोक निघाले. तो तिथला पोलीस दिन. पोलिसांच्या जाचाविरुद्ध निघायला मुद्दाम तोच दिवस निवडलेला. २८ तारखेला इंटरनेट बंद, मोबाइल बंद. त्याच रात्री पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले, तुरुंग फुटले आणि गल्लोगल्ली माणसं काठ्या, सळया घेऊन रात्री पहारा द्यायला लागली. एवढं सगळं झाल्यावर राग मुबारकांवरच वाढला असेल, असं आपल्याला वाटतं. पुष्कळांचा वाढलाही. पण रात्रभर दारात काठी घेऊन बसलेल्या किती तरी माणसांना त्या बसण्यातच वाटायला लागलं, पुरे झालं आता, जुनं होतं ते काय वाईट होतं?

१ फेब्रुवारीच्या रात्री मुबारक टीव्हीवर आले. मी पुढची निवडणूक लढवणार नाही म्हणाले, आणि याच मातीसाठी लढलो, याच मातीत मरेन असंही. बाण बरोबर लागला. तोवर कैरोच्या तहरीर चौकात जमलेल्या पोरांच्या बाजूनं असलेली किती तरी घरं त्या रात्री फिरली. आई रडली, मुलगा चिडला, जेवणं तशीच राहिली. म्हाताऱ्या माणसाला असं हाकलून देतात का? सप्टेंबरात जाणारच आहे, तर सात महिने थांबायला काय होतं?

हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. सरकारला अर्ज लिहिताना आपण 'मायबाप सरकार' लिहीत आलो. तीस वर्षं ज्याचा फोटो कचेरीत, शाळेत, नोटेवर नाही तरी प्रत्येक भिंतीवर, त्याला जा म्हणणं हे नुसतं राजकीय मत राहत नाही. घरातल्या कर्त्या माणसाला किल्ल्या मागण्यासारखं ते होऊन बसतं. किल्ल्या मागायलाच हव्यात असं मानणारा माणूससुद्धा मागताना मान खाली घालतो. मुबारक दोन दिवसांनी एका अमेरिकन वाहिनीला म्हणाले की मलाही कंटाळा आलाय, पण मी गेलो तर गोंधळ माजेल. लांब टिकलेले सगळेच हे म्हणतात. ते अर्धं खरं असतं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी दुसरा कुणी उभाच राहू दिलेला नसतो.

भाषणानं सहानुभूती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी ती घालवली. २ फेब्रुवारीला मुबारक समर्थक घोड्या-उंटांवर बसून तहरीर चौकातल्या गर्दीवर चालून गेले. त्यांत पिरॅमिडजवळ पर्यटकांना उंटावर फिरवणारेही होते. काहींना पैसे मिळाल्याचं म्हणतात, पण पर्यटक आटल्यानं त्यांच्या पोटावर पाय आला होता, हेही खरं. 'जनता विरुद्ध हुकूमशहा' असं लिहून मोकळं होणाऱ्यांना हा उंटवाला अडचणीचा वाटतो. तोही जनताच होता.

७ फेब्रुवारीला वाएल घोनिम नावाचा गूगलमध्ये नोकरी करणारा तरुण कोठडीतून सुटला. आंदोलनाची हाक देणाऱ्यांपैकी तो एक. त्या रात्री मुलाखतीत मेलेल्या पोरांचे फोटो दाखवल्यावर तो ढसाढसा रडला आणि उठून निघून गेला. १ तारखेला मुबारकांसाठी रडलेली घरं ७ तारखेला याच्यासाठी रडली. दुसऱ्या दिवशी चौकात प्रचंड गर्दी. मग कारखान्यांत संप सुरू झाले. १० तारखेला मुबारक राजीनामा देणार म्हणून चौक भरला, ते टीव्हीवर आले आणि अधिकार उपाध्यक्षाकडं देतो, पण मी आहेच, असं काहीसं बोलले. लोकांनी पायातले बूट काढून वर धरले. ११ तारखेच्या संध्याकाळी उपाध्यक्ष ओमर सुलेमान यांनी मिनिटाच्या आत संपणारं निवेदन वाचलं. मुबारकांनी पद सोडलं, कारभार लष्कराकडं. सरकारनंच नेमलेल्या चौकशी समितीनं नंतर मृतांचा आकडा ८४६ दिला.

अठरा दिवसांत एकाच घरातलं मत तीनदा फिरलं. कोणत्या दिवशी विचारता त्यावर 'जनतेचं म्हणणं' ठरत होतं. पुढंही ते फिरत राहिलं. थोड्याच काळात 'साहेब, आम्हाला माफ करा' अशा अर्थाचं नाव घेऊन मुबारकप्रेमींचा गट उभा राहिला. २०१२ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी वर्षभरात, प्रचंड निदर्शनांनंतर, लष्करानं काढले. मुबारकांना २०१२ मध्ये जन्मठेप झाली होती, २०१७ मध्ये ते निर्दोष सुटले आणि २०२० मध्ये वारले तेव्हा लष्करी इतमामात दफन झालं.

बंदूकवाला काय करतो

तात्यांना एक गोष्ट मात्र मी तिथंच सांगितली होती. गर्दी कितीही मोठी असो, खुर्ची गर्दीनं पडत नाही. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं बघा. तीन-चार दिवस झड लागते आणि माळवद बसतं, आपण म्हणतो पावसानं पडलं. पण आतून तुळई किडलेली असते. पाऊस शेजारच्या घरावरही तितकाच पडलेला असतो.

तुळई म्हणजे इथं पोलीस, लष्कर, कचेऱ्या, टीव्हीवाले, मोठे व्यापारी. इजिप्तच्या लष्करानं ३१ जानेवारीलाच सांगून टाकलं की लोकांवर बळ वापरणार नाही. बांगलादेशात ४ ऑगस्टच्या रात्री लष्करानं ठरवलं की संचारबंदी मोडणाऱ्यांवर गोळी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हसीना गेल्या. त्या आधीच्या तीन आठवड्यांची किंमत मोठी होती. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानं १ जुलै ते १५ ऑगस्टमधल्या मृतांचा अंदाज १,४०० पर्यंत दिला आहे.

उलट उदाहरण बेलारूसचं. अलेक्सांदर लुकाशेंको १९९४ पासून. २०२० च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत सरकारी निकालानं त्यांना ८० टक्के मतं दिली आणि राजधानीत लाखाच्या पुढं गर्दी उतरली. ते एका कारखान्यात कामगारांशी बोलायला गेले. हक्काची माणसं वाटत होती, तीच तोंडावर 'जा, जा' ओरडली. चाउशेस्कूच्या गच्चीचीच गोष्ट पुन्हा. पण इथं पोलीस हलले नाहीत, रशियानं कर्ज दिलं, पाठबळ दिलं. तीस हजारांहून जास्त लोक पकडले गेले. लुकाशेंको खुर्चीवर राहिले.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. नि:शस्त्र मोहिमा ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र २६ टक्के वेळा. त्यातूनच साडेतीन टक्क्यांचा नियम निघाला: लोकसंख्येच्या ३.५ टक्के माणसं एका वेळी खरोखर रस्त्यावर उतरली की सत्ता सहसा टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा होता. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे साधारण साडेसहा लाख. आकडा बघून सोपं वाटतं. पण चेनोवेथ यांनीच नंतर याला अपवाद दाखवलेत, बहारीन त्यांतला एक. आणि नि:शस्त्र गर्दी जास्त यशस्वी का होते याचं कारण साधं आहे. त्या गर्दीत बंदूकवाल्याची मावशी असते, चुलतभाऊ असतो, शाळेतला मास्तर असतो. गोळी घालायची कुणाला?

जाता जाता एक शब्दाची गंमत. राजीनामा म्हणजे मुळात राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. यांतल्या एकाचीही त्यात राजीखुशी नव्हती. हसीनांच्या बाबतीत तर बांगलादेशचे राष्ट्रपतीच नंतर एका संपादकाला म्हणाले की त्यांच्या राजीनाम्याचा कागद माझ्याकडं नाही. मग लोक राष्ट्रपतींचाच राजीनामा मागायला निघाले.

आपला निजाम

तात्या शेवटी म्हणाले होते, "आपला बी आसाच गेला." मी मान हलवली, पण तो असा गेला नाही.

मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. राज्य ३७ वर्षांचं, दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९३८ चा सत्याग्रह, त्याच साली औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांचं वंदे मातरम्, ऑगस्ट १९४७ मध्ये भारतात सामील व्हा म्हणून पुन्हा लढा, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, सीमेवर कार्यकर्त्यांचे कँप. हे अंबाजोगाईत तरी वेगळं सांगायला नको. स्वामीजी इथंच शिकवत होते, गावाचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. लोक उठले होते, पण इथं तुळई आतून किडली नाही. निजामाची फौज, पोलीस आणि रझाकार शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं राहिले. म्हणून १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपले म्हातारे याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात.

त्यानंतरचं जे आपण दरवर्षीच्या झेंडावंदनाला बोलत नाही, तेही लोकांच्या प्रतिक्रियेतच धरायला हवं. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ॲक्शननंतरच्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, बहुसंख्य मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मेलेल्यांतल्या बहुतेकांनी कधी रझाकाराची काठी हातात धरलेली नव्हती. अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. आमच्या गावात दोन गल्ल्यांना १७ सप्टेंबर दोन वेगळ्या तऱ्हांनी आठवतो, आणि त्या गल्ल्या या विषयावर एकमेकींशी बोलत नाहीत. ढाक्यातही ५ ऑगस्टच्या संध्याकाळी नाच झाला आणि त्याच रात्री हसीनांच्या पक्षाच्या माणसांची, कित्येक हिंदूंची घरं जळत होती.

आणि निजाम? तो पळाला नाही, तुरुंगात गेला नाही, त्यानं राजीनामाही दिला नाही. वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला, २६ जानेवारी १९५० ला तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा नामधारी प्रमुख, झाला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिला. ज्यांनी त्याच्या तुरुंगात दिवस काढले, त्यांच्यापैकी काहींनी त्याच राजप्रमुखाच्या राज्यात आमदारकीची शपथ घेतली. मग भाषावार प्रांत झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि राजप्रमुखपदच कागदावरून पुसलं गेलं.

माझी आजी १९४८ मध्ये नवी नवरी होती. रझाकार येणार म्हणून दोन रात्री ज्वारीच्या कणगीमागं बसून काढल्याचं ती सांगायची. पण निजाम नेमका कधी गेला असं विचारलं की ती ॲक्शनचं साल सांगत नसे. निजामाचा रुपया, हाली शिक्का, ॲक्शननंतरही काही वर्षं कलदार म्हणजे भारत सरकारच्या रुपयाच्या जोडीनं बाजारात चालत होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजीनं लग्नातले काही हाली रुपये उतरंडीच्या तळातल्या गाडग्यात ठेवले होते आणि एका बाजाराच्या दिवशी दुकानदारानं ते घ्यायला नकार दिला. ती म्हणायची, "त्या दिवशी गेला बग निजाम."